नारायण आधी की हनुमान?

निवृत्त माणसाने काय करावं याची यादी नातेवाइकांकडे तयार असते. माझ्या भाच्याने ती यादी बाजूला सारून मला थेट संकेतस्थळच काढून दिलं. तो हिंजवडीत आयटीत आहे. “मामा, तू मळवलीत राहतोस. गच्चीत उभं राहिलं की समोर लोहगड-विसापूर. लिही की त्यावर! कंटेंट चांगला असला की लोक येतात.”

बँकेत एकतीस वर्षं मी फक्त ‘कृपया पुढील खिडकीवर जावे’ एवढंच साहित्य लिहिलं होतं. तरी भाजे लेण्यांवर तीन आठवडे खपून लेख लिहिला. महिनाभरात अकरा जणांनी तो उघडला. भाच्याने हिशेब मांडला : सात वेळा मीच, दोनदा ही (त्यातलं एकदा चुकून), एकदा तो स्वतः आणि एक जण रशियातून. रशियातला तो माणूस नसून यंत्र असतं, असंही त्याने सांगितलं. मला खरंच वाईट वाटलं. त्याच्या भरवशावर मी कार्ल्याचा लेख लिहायला घेतला होता.

“येणारे मोजू नकोस,” भाचा म्हणाला, “परत येणारे मोज.”

हे लोणावळ्याला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वेने बांधलेलं हे धरण. इंजिनं गेली, भिजणारे उरले. पण एकदा तिथल्या गाड्यांच्या रांगेत चार तास काढले की त्यातले निम्मे पुढच्या वर्षी माळशेजला जातात. चिक्कीचं गिऱ्हाईक मात्र अढळ. माझी ताई दादरहून येते आणि चाळीस वर्षं एकाच दुकानातून चिक्की घेते. शेजारच्या दुकानातही तोच शेंगदाणा आणि तोच गूळ. पण तिकडे ती मानसुद्धा वळवत नाही. एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, “तो विचारतो रे, यंदा साहेब नाही आले? त्याचे वडीलही विचारायचे.” गूळ-शेंगदाण्याचा विषयच तिने काढला नाही.

मग मी कार्ल्याला गेलो, लेखासाठी. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ. चैत्रात मुंबई-ठाणे-रायगडचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन चालत येतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना कुणी आमंत्रणाचा मेसेज पाठवत नाही. आत गेलो तर खांबांवर नावं! दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने खांबाचं दान दिलं, त्याचं नाव ब्राह्मीत त्याच्याच खांबावर कोरलेलं. कितीतरी जण धेनुकाकटचे, त्यातले काही स्वतःला यवन म्हणवणारे. दरवाजाचं दान सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं, आणि काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव वगळलेलं नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचं दगडात कोरून ठेवलंय. लोणावळा परिसरातली ही सर्वांत जुनी जाहिरात असावी, आणि गंमत म्हणजे ती खरी आहे. नावं कोरायची परंपरा पुढे प्रेमी युगुलांनी चालू ठेवली, फक्त खांब न देता.

कार्ल्याचा लेख चौदा जणांनी उघडला. रशिया कायम.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकाळाशी नातं सांगणारे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आमचा लोहगड. मी हुरळून एका रात्रीत लेख खरडला, पुन्हा वाचलाही नाही. चढताना लागणारे दरवाजे मी असे लिहिले : गणेश, हनुमान, नारायण, महादरवाजा.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वडगावच्या एका गृहस्थांचा निरोप आला : “आपण लोहगड चढला आहात की उतरला आहात? आपला क्रम दोन्हीकडून जुळत नाही. गणेश, मग नारायण, मग हनुमान.”

दुपारपर्यंत झुंबड उडाली. कामशेतहून एकाने नारायण दरवाजापाशी धान्य साठवायचं भुयार कुठे आहे ते सांगितलं. दुसऱ्याने गडाची विंचूकाटा सोंड लेखात दोन ओळींत गुंडाळल्याबद्दल झापलं. मग ते दोघे नाना फडणीसांच्या बावीवरून एकमेकांशी भांडले आणि रात्री उशिरा रविवारी एकत्र गड चढायचं ठरवून थांबले. तीनशे बारा जण येऊन गेले! भाज्यावरच्या माझ्या निर्दोष गद्याला जे जमलं नाही, ते एका उलट्यापालट्या हनुमानाने केलं. चूक दिसली की मराठी माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो.

मी क्रम सुधारला. चौथ्या दिवशी पुन्हा सामसूम.

“मामा,” भाचा हळूच म्हणाला, “अजून एक चूक कर ना.”

मोह झाला, खोटं कशाला सांगू? शिवनेरी मावळात आणून ठेवायचं मनात आलं होतं. पण वडगावकरांचे निरोप येतच राहिले. लोहगड संपल्यावर ते मागे जाऊन भाजे वाचू लागले, भाज्यात सहा चुका काढून कार्ल्याकडे वळले. माझं सगळं लिखाण वाचलेला जगातला तो एकमेव मनुष्य, हीसुद्धा त्यात येत नाही. मला वाघोलीचे रामेश्वर भट्ट आठवले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे तेच, आणि पुढे शिष्य होऊन तुकोबांची आरती रचणारेही तेच. वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असं भाविक मानतात. लोकांना अभंग पाठच होते, असं बाकीचे म्हणतात. ते अभंग उतरून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधी आमच्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे बॅकअप वाचकांकडे होता!” मी तुकोबा नाही, हे हिने लगेच स्पष्ट केलं.

मी वडगावकरांनाच विनवलं : लेख आधी तुम्ही पाहा. आता दर गुरुवारी ते लोकलने मळवलीला येतात, लाल पेन खिशाला. चहात आलं कमी असल्याचं ते हिला पहिल्याच दिवशी बोलले. तरीही कप रिकामा करतात.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. लेख गेला नाही, आणि त्यांना येऊ नका म्हणून कळवायचंही राहिलं. शुक्रवारी सकाळी सहा दहाला फोन वाजला. निरोप होता : “काल दार बंद होतं. बरे आहात ना?”

डोळे उघडत नव्हते, तरी कसंबसं टाइप केलं : “तबेत ठीक आहे. आभारी आहे.”

दोन मिनिटांत उत्तर आलं : “तब्येत.”