खुनी कोण, आणि रुपयाला अक्षरे किती

वाचकाचे प्रामाणिक मत आणि ग्रंथपरीक्षण या दोन संज्ञांची गल्लत करणे अभ्यासकाला शोभत नाही. परीक्षण म्हणजे प्रकाशकाकडून पुस्तक भेट आल्यानंतर लिहिला जाणारा अभिप्राय. प्रामाणिक मत हे पुस्तक ग्रंथालयातून आणून, दंडाच्या धाकाने मुदतीत वाचून, कोणी विचारलेले नसताना दिले जाते. या दुसऱ्या पद्धतीचा निर्मळ नमुना पाथर्डी तालुक्यात रंगपंचमीच्या सुमारास मढीला पाहावयास मिळतो. कानिफनाथांच्या यात्रेतील गाढवांच्या बाजारात घेणारा दात पाहतो, जनावर चालवून पाहतो, आणि त्याला एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना आहे काय, असे विचारत नाही.

थरारकथेबाबत पाथर्डीकर वाचकाचे निकष भौगोलिक आहेत. रहस्यकथेत गुन्हा आधीच घडलेला असतो व तो कोणी केला याचा शोध चालतो, तर थरारकथेत संकट अजून यावयाचे असते. परंतु समीक्षकांचा हा भेद नगरच्या एस.टी.त बसलेल्याला मान्य नसतो. त्याची अपेक्षा एवढीच, की करंजीचा घाट लागण्यापूर्वी पहिला मुडदा पडावा आणि भिंगार येईपर्यंत खुनी सापडावा. झुंजार, धनंजय आणि काळापहाड या नायकांना कामाला लावून हजारावर पुस्तके लिहिणारे बाबुराव अर्नाळकर, किंवा तोच आकडा ओलांडणारे गुरुनाथ नाईक, हे वेळापत्रक पाळीत. डॅन ब्राउन वा रॉबिन कुक यांचे जाडजूड अनुवाद मात्र थेट पुण्याचे तिकीट काढावयास लावतात.

हे मत नोंदविण्याचे स्थळ म्हणजे मुखपृष्ठामागील कोरे पान, साधन पेन्सिल, आणि मजकूर बहुधा खुन्याचे नाव. लंडनमध्ये १९५२ साली रंगभूमीवर आलेल्या ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाच्या अखेरीस, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती केली जाते. तालुक्याच्या ठिकाणी अशी विनंती म्हणजे वाचकाच्या समाजसेवेवर गदाच होय. पुढील वाचकही स्वस्थ बसत नाही. तो खाली ‘चूक, मेहुणा आहे’ अशी दुरुस्ती करतो, आणि पाठचिकित्सा, म्हणजे एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ ताडून मूळ पाठ ठरविण्याचे शास्त्र, विद्यापीठांबाहेर अजून जिवंत असल्याचे सिद्ध करतो.

चित्रपुस्तकाची परीक्षा याहून कठोर असते. चित्रपुस्तक म्हणजे गोष्टीला जोडलेली चित्रे नव्हेत. त्यात निम्मी गोष्ट शब्द सांगतात, निम्मी चित्र, आणि दोघे एकमेकांविरुद्ध बोलू लागले की मूल हसते. ‘यश’ व ‘राधाचं घर’ या मालिकांत माधुरी पुरंदरे यांनी लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतःच केली, ती याच कारणाने एकजीव झाली. मोठ्या कागदाच्या घड्या पडून सोळा पानांचा फर्मा तयार होतो, म्हणून अशी पुस्तके बहुधा सोळा किंवा बत्तीस पानांत आटोपतात. परंतु पालक रुपयाला किती अक्षरे पडली याचा हिशेब करून पुस्तक पातळ असल्याचा निकाल देतात.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यांवर अनुदान ठरते आणि तपासणीत दप्तरासह पुस्तकेही पाहिली जातात. थरारकथा वाचून फाटते, म्हणून ती निर्लेखित, म्हणजे दप्तरातून बाद होते. चित्रपुस्तक कुलूपबंद कपाटात कोरे राहते, म्हणून ते संग्रहाचे भूषण ठरते. मुलाचा हात लागला की पुस्तक मळते, आणि मळलेले पुस्तक वाचले गेल्याचा संशय येतो. शिवाय टिकाऊ बांधणीत हत्तीची सोंड शिवणीत जाते व ग्रंथालयाचा शिक्का नेमका डोळ्यावर पडतो, त्यामुळे वाचण्यासारखे फारसे उरतही नाही.

सर्वांत मोठी तक्रार तात्पर्याची आहे. थरारकथेत गुन्हेगार हटकून पकडला जातो. नीतीचा असा शंभर टक्के निकाल लावणारा दुसरा वाङ्मयप्रकार नाही, तरीही तीच मुलांपासून गादीखाली लपविली जाते. उलट चित्रपुस्तकातील बोका दूध पिऊन, मिशा पुसून, शिक्षेवाचून निघून जातो आणि मूल ‘पुन्हा’ म्हणून पहिले पान उघडते, तेव्हा पालक पुस्तक परत नेऊन देतात आणि पुढील आवृत्तीत बोक्याला निदान अटक तरी व्हावी, अशी सूचना ग्रंथपालाकडे करतात.