तात्पुरते गुरुजी

बदली गुरुजी व्हायला काय लागतं, असं आमच्या नाटे गावात विचारलं तर जुनी माणसं हसतात. त्यांच्या वेळी काहीच लागत नसे. गुरुजी मीटिंगला राजापूरला गेले की चौथीतला हुशार पोरगा हातात पट्टी घेऊन पहिलीवर बसायचा. ना डी.एड., ना मानधन. पाढे तेवढे पाठ हवेत आणि आवाज खणखणीत.

आता पात्रता लागते, आणि ती लागावीच. 2013 पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. अडीच तासांत दीडशे प्रश्न, खुल्या गटाला 90 गुण हवेत. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. एवढी दया पुढे वर्गातली मुलं दाखवत नाहीत. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, 2021 पासून जन्मभर चालतं. नोकरी तेवढी चालेलच असं नाही.

2023 साली आंतरजिल्हा बदल्या झाल्या आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले शेकडो गुरुजी आपापल्या जिल्ह्यांत परतले. त्यांना तरी नावं कशी ठेवावीत? आईवडील तिकडे, शेत तिकडे, आणि इथे चार महिने नुसता पाऊस. रिकाम्या वर्गांसाठी सरकारने निवृत्त गुरुजींनाच परत हाक मारली: वय सत्तरच्या आत हवं, मानधन महिना 20 हजार. त्याच वर्षी नव्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन वाढवून 16 हजार केलं होतं. म्हणजे पेन्शनवाले आजोबा नातवापेक्षा चार हजारांनी पुढे! वर दुपारी वर्गात डुलकी लागली तर आजोबांना पोरंही समजून घेणार; नातवाला कोण घेतंय?

पण खरी परीक्षा पुण्याच्या परीक्षा परिषदेची नव्हे. टीईटीच्या पहिल्या पेपरात परिसर अभ्यासाला 30 गुण असतात. साखरी नाटे गावच्या पोरांपुढे उभं राहिल्यावर त्या तीस गुणांचं काय होतं ते बघावं. नवे गुरुजी फळ्यावर मासा काढतात. मागच्या बाकावरून लगेच विचारणा होते, हा बांगडा की सुरमई? जून-जुलैत मासेमारी बंद का, हे गुरुजी पुस्तकातून सांगतात. ज्याच्या बापाची होडी तेव्हा किनाऱ्यावर ओढलेली असते, तो पोरगा शांतपणे ऐकून घेतो. पोरं सभ्य असतात. पहिल्याच दिवशी एवढंच विचारतात, "गुरुजी, तुम्ही किती दिवस?"

या प्रश्नाला चार पर्याय नसतात. मार्चपर्यंत? कायमचे गुरुजी येईपर्यंत? ते ऑर्डर काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इथलीच डी.एड. झालेली मुलं-मुली आहेत. जिल्ह्यातल्या जागा आधी स्थानिकांना द्या, ही त्यांची मागणी जुनीच. मला ती पटते. परीक्षा सोपी करू नका, नव्वदचे वाटल्यास शंभर करा. पण जो पास होईल आणि इथेच राहीन म्हणेल, त्याला ऑर्डर द्याल ती कायमची द्या.