कच्ची यादी

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला शाळेत एका ओळीपुरतं भेटतं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार कोणाचा, साल १८८५, गाळलेली जागा भरा, एक मार्क. तो मार्क पदरात पडला की ह्यूमसाहेबांचा आणि आपला संबंध संपतो. त्यामुळे हा माणूस पक्ष्यांच्या नादाने पुरता झपाटलेला होता आणि सरकारी नोकरी ही त्याची फावल्या वेळातली गोष्ट होती की काय असा संशय यावा इतकं त्याने पक्ष्यांवर लिहून ठेवलं आहे, हे पुस्तकात कुठे येत नाही. सिमल्याला जाखू टेकडीवर रॉथ्नी कॅसल नावाचा त्यांचा बंगला होता. त्यात माणसं राहत होती, पण हजारो पक्ष्यांची कातडी आणि अंडी यांच्या मधल्या फटीत राहत होती.

ह्यूमसाहेबांनी १८७२-७३ साली ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक काढलं. इकडचीतिकडची पिसं, असं नावच होतं म्हणा ना. देशभर विखुरलेले हौशी लोक, म्हणजे कुठला कलेक्टर, कुठला जंगल खात्याचा साहेब, कुठला पलटणीतला कॅप्टन, आपापल्या तालुक्यात काय उडताना दिसलं ते त्यात लिहून पाठवत. ह्यूमसाहेब ते छापत, वर आपला तिखट शेरा मारत. भारतीय पक्षिशास्त्राचे पोप अशी त्यांची ख्याती होती, आणि पोपमहाशय चूक फारशी पोटात घालत नसत. मग पुढच्या अंकात त्या शेऱ्याला उत्तर, त्या उत्तरावर तिसऱ्याचंच पत्र. दोन सज्जन एका बारक्या पक्ष्याच्या पोटाखालच्या रंगावरून, तो करडा की तपकिरी यावरून, पानंच्या पानं भांडताहेत, आणि बाहेर साम्राज्य चाललं आहे. मला हे फार लोभस वाटतं.

याच ह्यूमसाहेबांवर १८८०च्या दशकात जे ओढवलं ते वाचताना मात्र अंगावर काटा येतो. ते खाली मैदानी मुलखात गेलेले असताना घरच्या नोकराने त्यांची हस्तलिखितं काढली आणि सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकली. पंचवीस वर्षांच्या टिपणांची थप्पी, ज्यातून भारतातल्या पक्ष्यांचा मोठा ग्रंथ व्हायचा होता. पुढचे काही आठवडे सिमल्यातले लोक कुठल्या सुतारपक्ष्याच्या घरट्यातून शेंगदाणे खात होते कोण जाणे. त्या नोकराचा मला पुरेसा राग येत नाही. त्याच्या बाजूने बघा: साहेब घरी नाहीत, खोलीभर कागद, त्यावर धूळ, आणि कागदाला बाजारात भाव आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरी दिवाळीच्या आधी याच विचाराचं एक माणूस असतं, आणि घर राहण्याजोगं उरतं ते त्याच्याच कृपेने.

ह्यूमसाहेबांचा पक्ष्यांतला जीवच गेला. त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी, अंडी, घरटी मिळून ऐंशी हजारांच्या वर नग, आणि ते बांधायला तिकडून खास माणूस सिमल्याला आला. तेव्हा साल होतं १८८५. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. सिमल्याच्या त्या अज्ञात रद्दीवाल्याने देशाला काँग्रेस दिली, असं लिहायचा मोह मला होतो आहे. आवरतो.

तर, हातची टिपणं गेली. पण जे वेळोवेळी छापून चारचौघांत वाटलं गेलं होतं, ते राहिलं. त्यात १८७३ साली ह्यूमसाहेबांनी एका छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन केलं होतं. ब्लुइट नावाच्या संग्राहकाने ते आजच्या छत्तीसगडाच्या बाजूला मिळवलं होतं. आपल्याकडे त्याला रानपिंगळा म्हणतात. घराच्या वळचणीला बसून रात्री भांडखोर आवाज काढणाऱ्या साध्या पिंगळ्याचा हा रानातला चुलतभाऊ, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, अंगाने जरा दणकट. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८८०च्या आसपास आपल्या खानदेशात याचे काही नमुने मिळवले. या डेव्हिडसनने १८८२ साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली, आणि तिला नाव दिलं ‘रफ लिस्ट’. कच्ची यादी! जवळपास पन्नास पानं भरली तरी साहेबांना ती कच्चीच वाटत होती. हल्ली आपण चार ओळी लिहून त्याला ‘सखोल आढावा’ म्हणतो, तेव्हा मला हा डेव्हिडसन आठवतो.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणालाच मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी कातडी, बाकी शून्य. बरं, हे घुबड तसं लाजरंबुजरंही नाही. दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसतं, शेपटी हलवतं, सरडे पकडतं. अमेरिकेच्या डिलन रिप्लेंसारखी मोठी माणसं शोधून दमली. इकडे सातपुड्याच्या रानात राहणाऱ्या भिल्ल-पावऱ्यांच्या डोक्यावरून ते रोज उडत असणार, पण त्यांना विचारून लिहून घ्यायला कोणी गेलं नव्हतं. कच्च्या याद्यांमधली ही एक जुनी, मोठी गळती.

शोध फसण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. हे ब्रिटिश लष्करी गृहस्थ पक्षिशास्त्रात फार मोठे मानले जात. आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मारला, असं त्यांच्या संग्रहातलं एक लेबल सांगत होतं. इतक्या मोठ्या माणसाच्या लेबलावर कोण शंका घेणार? त्यामुळे १९१४ पर्यंत पक्षी होता आणि गुजरातेत होता, असं धरून लोक चालले. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ते कातडं क्ष-किरणाखाली घातलं. आतली शिवण, भरलेला कापूस, पंख बांधायची तऱ्हा, सगळी डेव्हिडसनच्या हातची! कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला खानदेशचा जुना नमुना उचलला होता, थोडी डागडुजी केली होती आणि स्वतःचं लेबल अडकवलं होतं. एकदा हे सूत हाती लागल्यावर त्यांच्या बाकीच्या संग्रहाकडेही लोक भुवया उंचावून पाहू लागले, आणि तिथेही असंच बरंच निघालं.

मग रासमुसेनबाईंनी साधी गोष्ट केली. खोटं लेबल बाजूला ठेवलं आणि खऱ्या लेबलांवरच्या गावांना गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ, त्या आणि त्यांचे दोन साथीदार सकाळच्या उन्हात चालत असताना निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तोरणमाळ, मेळघाट इथे तो सापडत गेला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसाच्या रानात.

माझं म्हणणं एवढंच की डेव्हिडसनने काही हा विचार करून लिहिलं नव्हतं. शंभर वर्षांनी एक बाई येतील, त्यांना माझी शिवण ओळखू येईल, असं मनात धरून कोणी पक्ष्यात कापूस भरत नाही. छंदातली माणसं जे बोलतात, लिहितात, भांडतात, त्यातलं पुढे काय कामाला येणार हे त्यांना कळत नसतं. छाटणी करणाऱ्यालाही कळत नसतं, पण त्याला कळतं असं त्याला वाटतं. खरा धोका तिथे आहे.

आता मुंबईचंच घ्या. १८८३ साली आठ हौशी माणसांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यात दोघे आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये झाल्या, आणि थोड्याच दिवसांत फिप्सन नावाच्या सभासदाने आपल्या कचेरीत जागा दिली. फिप्सन दारूचे व्यापारी होते. सभासदांची हजेरी त्यानंतर वाढली की नाही याबद्दल मी अंदाज करत नाही. फिप्सनसाहेबांच्या खुर्चीमागे विल्यम नावाचा पाळलेला धनेश वर्षानुवर्षं बसून असे. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे.

१८८६ पासून या सोसायटीचं जर्नल निघतं आहे. त्यात मोठमोठे शास्त्रीय लेख असतात, ते शास्त्रज्ञांनी वाचावेत. माझ्यासारख्याने शेवटून उघडावं. तिथे ‘संकीर्ण टिपणं’ असतात, आणि छंदाच्या कुठल्याही अड्ड्यावर भेटणारी सगळी पात्रं तिथे कोट-टाय घालून बसलेली सापडतात. एकाला कालच पहिल्यांदा साप दिसला आहे आणि तो साप जगात पहिल्यांदाच कोणाला तरी दिसला अशी त्याची खात्री आहे. दुसरा त्याला शांतपणे सांगतो की हे अमक्या खंडात येऊन गेलं आहे. तिसरा कुठल्याही विषयावर आपल्या जिल्ह्यातली वीस वर्षं काढतो. चौथ्याला फक्त शुद्धलेखनात रस. वाघ सावज कसा मारतो यावर लोक वर्षानुवर्षं हिरीरीने लिहीत राहिले. नरडं धरतो की मान मोडतो यावर एकमत होईपर्यंत वाघच उरले नाहीत. वाघाची लांबी हा तर वेगळाच प्रांत. नाकाला आणि शेपटीच्या टोकाला खुंट्या ठोकून मोजायची, की फीत पाठीच्या वळणावरून फिरवायची? वळणावरून मोजली की वाघ चांगला वाढतो. बहुतेक शिकारी मंडळी वळणाची होती, हे सांगायला नको.

हे सगळं पाल्हाळ कोणी संपादकाने ‘विषयाला सोडून’ म्हणून कापलं असतं, तर आज आपल्याला फक्त लांबीचे आकडे मिळाले असते. आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा ते त्या भांडणामुळेच कळतं.

छंदवाल्यांचं एक मात्र चुकतं. ते दुर्मिळाच्या मागे असतात. नेहमीचं लिहीत नाहीत. गिधाडांचंच बघा. १९८०च्या दशकापर्यंत गावाबाहेर मेलेल्या ढोराभोवती शंभर-दोनशे गिधाडं बसलेली असायची. मुंबईत मलबार हिलवर, पारशी आपले मृतदेह ठेवतात त्या डुंगरवाडीच्या आकाशात ती घिरट्या घालत. त्याची नोंद कोण करणार? गिधाड दिसलं, हे काय लिहायचं? झफर फतेहअली ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ काढत असत, सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेली काही पानं, आणि त्यात कोणीही काहीही साधं पाहिलेलं लिहावं अशी मुभा होती. तरीसुद्धा गिधाडापेक्षा पाहुणं बदक बरं, हा मनुष्यस्वभाव. सुदैवाने भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकात ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तो लेखही १९९९ साली याच सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. ढोरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करतं हे २००४ साली पुढे आलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण ‘पूर्वी किती होती’ हे कागदावर नसतं, तर ‘कमी झाली’ म्हणणाऱ्याला लोकांनी म्हातारा ठरवलं असतं. पूर्वी सगळंच जास्त होतं असं म्हातारे म्हणतातच.

हल्ली ही बोलणी फोनवरच्या ग्रुपांत होतात. आमचाही एक आहे, रविवारी दुर्बिणी घेऊन हिंडणाऱ्यांचा. दर पावसाळ्यात तोच धूसर फोटो येतो, ‘हा कोणता?’ असा प्रश्न येतो, अकरा जण ‘कोतवाल’ म्हणतात, एक जण ‘फोटो नीट नाही’ म्हणतो, आणि मग कोणाच्या तरी फोनची जागा भरते म्हणून सगळं पुसलं जातं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोतवाल.

अपवाद आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा. त्यांचा फोनवर भरवसा नाही. ते सगळं लांबोळक्या खतावणीत उतरवतात, तारीख, वेळ, जागा, ढग, आणि कोण काय म्हणालं तेसुद्धा. पक्षी कोणता हे ठरलं की ग्रुप पुढे सरकतो. काका मागचं भांडणही लिहून घेतात. गेल्या मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी आंब्यावर एक करडा पक्षी बसला होता. आमच्यातले वकीलसाहेब म्हणाले, शिक्रा. पट्टे दाखवले, चोचीची धार दाखवली, जुने दाखले दिले. आम्ही नऊ जण जवळजवळ पटून घेण्याच्या बेतात असताना पक्ष्याने मान वर केली आणि खणखणीत आवाजात तीनदा ‘पेर्ते व्हा’ असं सांगितलं. पावशा. शिक्र्यासारखा दिसण्याबद्दल तो प्रसिद्धच आहे.

काकांनी नोंद केली: ‘स. ७.४०, आंबा. वकीलसाहेब : शिक्रा (सविस्तर). पक्षी : पावशा.’

वकीलसाहेबांनी चहाच्या टपरीवर ती ओळ खोडायला सांगितली. शास्त्रीय नोंदीत व्यक्तिगत उल्लेख कशाला, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी चांगला वीस मिनिटं मांडला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, टोपण काढलं, आणि त्याच ओळीखाली लिहिलं: ‘स. ९.०५, टपरी. वरील नोंदीस वकीलसाहेबांची हरकत. कारणं पाठीमागच्या पानावर.’