बाईंची हजेरी

शनिवारी संध्याकाळी बाई घराबाहेर पडल्या, की नगरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत टीव्हीचे आवाज एकदम बारीक होतात. दिवे मात्र कुणी घालवत नाही. घालवलेला दिवा बाईंना रस्त्यावरून बरोबर दिसतो. त्यांना शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण चौथीचा वर्ग अजून सुटलेला नाही. आता तो रविवारी सकाळी भरतो आणि त्यात पाळकसाहेबही बसतात, एवढाच फरक.

अशी एक तरी बाई (किंवा मामा) प्रत्येक मंडळीत असते. कुठल्याही कमिटीवर तिचं नाव नसतं. उपासनेला कोण आलं ते देव बघतो. कोण आलं नाही ते बाई बघतात.

लोकांना उपासनेला बोलवायचे प्रयत्न इतरही करतात, नाही असं नाही. पाळकसाहेब व्यासपीठावरून न येणाऱ्यांना कळकळीचं आवाहन करतात. ते आलेले सगळे मान डोलावून ऐकतात. तरुण संघ व्हॉट्सअ‍ॅपवर उगवता सूर्य आणि पांढरं कबुतर टाकून ‘सहकुटुंब, सहपरिवार यावे’ असं कळवतो. त्यावर अंगठे ढिगाने येतात. रविवारी बाक रिकामे ते रिकामेच.

बाई नुसतं ‘ये’ असं कधी म्हणतच नाहीत.

आमच्या गल्लीतला एक वायरमन नाताळ सोडला तर चर्चच्या बाजूला फिरकत नसे. बाई त्याच्या दारात गेल्या. “सलाम बाई,” म्हणत तो लुंगी सावरत उठला. “सलाम. बस, बस. तुझी सुट्टी असते, मला माहितेय. माइक खरखरतोय रे. पाळकसाहेब ‘कृपा’ म्हणतात, मागे ‘कुर्पा’ ऐकू येतं. जाऊ दे, पाहीन दुसरा कोणीतरी.” दुसरा कोणीतरी! रविवारी पठ्ठ्या पक्कड घेऊन साडेआठलाच हजर. माइक दुरुस्त झाला, म्हणून बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, ‘परत बिघडला तर?’ म्हणून. तो माइक दर पंधरा दिवसांनी बिघडतो. माझा संशय बाईंवर आहे, पण विचारायची हिंमत नाही. मीही चौथीला त्यांच्याच वर्गात होतो.

कुणाला पेटीला माणूस नाही म्हणून, कुणाला शब्बाथशाळेच्या पोरांना आवरायला, कुणाला नुसतं म्हाताऱ्या आजींना रिक्षातून आणायला. ज्याला ‘या’ म्हणतात तो सबब शोधतो. ज्याला ‘तुझ्यावाचून अडलंय’ म्हणतात तो चप्पल शोधतो. मंडळीत एवढी अडचण खरोखर असती, तर ती केव्हाच बंद पडली असती.

सबबींचं बाईंना वावडं नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायातला मेजवानीचा दाखला त्यांना तोंडपाठ आहे. त्यात एकाने शेत घेतलेलं असतं, दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्या असतात, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं असतं. “आपल्याकडे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला,” बाई म्हणतात, “बाकी दोन हजार वर्षांत नवीन सबब कुणाला सुचली नाही.”

एस्टीतही त्यांची हजेरी चालू असते. यालाही त्यांच्याकडे आधार आहे. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या साहेबाने नव्या कराराची प्रत दिली आणि पुढे 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा शेजारच्या सीटवर कोण बसलंय, सांगता येत नाही! राहुरी येईपर्यंत बाईंना शेजाऱ्याचं गाव, पोरीचं स्थळ आणि तो भजनात ढोलकी वाजवतो हे सगळं कळलेलं असतं. “धर्म राहू दे तुझा तुझ्यापाशी,” त्या सांगतात, “हंगामाच्या सणाला ढोलकी घेऊन ये. जेवणही आहे.” आणि तो येतो. त्याच्या गावच्या सप्त्याला बाई जाऊन आलेल्या असतात, न येऊन सांगेल कुणाला?

सून एकदा म्हणाली, इतकं मागे लागू नये. बाईंनी टिळकांचंच घर पुढे केलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. “घरच्या माणसाला पाच वर्षं लागली. मी तर वायरमनला दोनदाच सांगितलं.”

बाईंचा खरा हात पाहायचा तर हंगामाच्या सणाला. उपासनेनंतर लोकांनी वाहिलेल्या बाजरीचा, शेवग्याच्या शेंगांचा, पाय बांधलेल्या कोंबड्यांचा लिलाव होतो. घेणारा पुष्कळदा वस्तू परत वाहतो, ती पुन्हा बोलीला चढते, आणि एकच लिंबू तासाभरात कोंबडीच्या भावाला जातं. यंदा बाईंनी पुण्याला स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला ‘लिलाव पुकारायला खणखणीत आवाज हवा’ म्हणून आणलं होतं. पुकारता पुकारता गडी रंगात आला आणि स्वतःच पुकारलेला भोपळा स्वतःच अकराशेला घेऊन बसला. खिशात रोकड नाही. त्याने फोन काढला.

“मला नाही बाई ते फोनमधलं कळत,” बाई वहीत त्याचं नाव लिहीत म्हणाल्या. “पुढच्या रविवारी रोख घेऊन ये. भोपळा ठेवते मी तोवर.”

आदल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर त्यांच्या फोनवरून विजेचं बिल भरलं होतं. मी गप्प बसलो. वहीत माझंही नाव होतं, एका लिंबापुढे.