राक्षसांची टंचाई

आमच्या हुबळीच्या विद्यानगरात भाचा आणि त्याचे दोस्त रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ: एकानं, इथे भाच्यानं, गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. त्यातल्या राक्षसांचं स्वतंत्र जाडजूड पुस्तक 1977 साली आलं. पुस्तकाला पैसे मोजलेत म्हणून भाचा एकही राक्षस वाया जाऊ देत नाही. पहिल्या दारामागे ड्रॅगन, दुसऱ्या दारामागे ड्रॅगन, जिन्यात त्याची मेहुणी. पोरं फासे टाकतात, ड्रॅगन लोळवतात आणि गिरमिटावर आणखी कांदा मागतात.

"मामा, कुणी घाबरतच नाही," तो कुरकुरला.

"चिगरी बसपेक्षा तुझे ड्रॅगन जास्त येतात. कोण घाबरेल? तो नृपतुंग बेट्टाच्या टेकडीवरचा बिबट्या आठव."

सप्टेंबर 2021. बिबट्या दिसल्याची बातमी आली आणि आसपासच्या शाळांना सुटी मिळाली. वनखात्यानं पिंजरे लावले. बिबट्या मात्र दिसेना, आणि दिसेना म्हणूनच तो घरोघरी पोचला. डॉक्टरांनी चालायला सांगितलेली मंडळी सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. रात्री कुत्री भुंकली की पंचाईत, गप्प बसली की त्याहून मोठी. पुढे धारवाडजवळ कवलगेरीत एक बिबट्या पकडला गेला, तेव्हा सुटकेचा श्वास टाकायचं सोडून आमच्या गल्लीनं वाद काढला: हा तोच की दुसरा? असला दरारा एकाही ड्रॅगनला लाभलेला नाही, आणि याला तर आगही ओकता येत नव्हती.

भाच्याला म्हटलं, तुझा ड्रॅगन जेवतो काय ते आधी ठरव. एवढं धूड पोसायचं तर तालुक्यातल्या शेळ्या कमी व्हायला हव्यात, गुराख्यानं वाट बदलायला हवी.

न दिसणाऱ्याचा धाक आमच्याकडे जुनाच. नव्वदच्या दशकात कर्नाटकात दारं ठोठावणाऱ्या भुताची अफवा होती. लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहीत. भूत ते वाचून मुकाट परत जाई. कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे भूत खरं वाटेल. आणि मराठी घरांनीसुद्धा पाटी कन्नडमध्येच लावावी. मध्यरात्री भुताशी सीमावाद कोण घालणार?

पुढच्या डावात भाच्यानं ड्रॅगन आणलाच नाही. एक शेळी बेपत्ता केली, एका दारावर ओरखडे काढले. संध्याकाळ झाली तरी ते दार उघडायला कुणी तयार होईना. तलवारवाला म्हणाला, मांत्रिकानं उघडावं. मांत्रिकाला अचानक शिकवणी आठवली. उरलेल्यानं वनखात्याला द्यायचा अर्ज लिहायला घेतला.