दुसरा सॉकेट

लातुरातल्या एका शिकवणीवाल्यांनी ड्युअल प्रोसेसरचा सर्व्हर घेतला. कारण विचारलं तर म्हणाले, "नांदेडवाल्यांनी घेतलाय की!" त्यावर चालणार काय? टॅली, हजेरी आणि नीटची सराव परीक्षा. तीन व्हर्च्युअल मशीन.

आठ-आठ कोअरचे दोन प्रोसेसर आले. ती व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरचा परवाना दर प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरतो. म्हणजे कोअर 16 आणि पैसे 32चे! 16 कोअरचा एकच घेतला असता तर निम्म्यात भागलं असतं. आता तर एका एएमडी एपिकमध्ये 96 कोअरसुद्धा मिळतात. वर दोन प्रोसेसर म्हणजे दोघांची रॅम वेगळी. एकाला दुसऱ्याची हवी असली की लांबचा फेरा.

आणि नांदेडवाल्यांचं ड्युअल? खोका ड्युअलचा, प्रोसेसर एकच. दुसऱ्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण, "पुढं टाकू" म्हणून. शेजारच्या खाचांत हौसेनं रॅम खोचली, तर ती सर्व्हरला दिसेचना. दिसणार कशी? त्या खाचा न आलेल्या प्रोसेसरच्या. आपल्याकडं याचं नवल नाही. 2009 साली नांदेडला महसूल आयुक्तालय द्यायचं ठरलं, लातूर रस्त्यावर उतरलं, आणि मराठवाड्याचा कारभार अजून संभाजीनगरच्या एकाच सॉकेटवर चालू आहे.

अफाट रॅम, ढीगभर कार्ड लागत असतील तर दोन जरूर घ्या. लातूरकरांकडं मात्र प्रोसेसर दोन, यूपीएस एक, आणि त्याची बॅटरी गेल्या उन्हाळ्यातच बसलेली.