आप्पांची राखीव गच्ची

आमच्या जळगावच्या गल्लीत सोलरचं सगळ्यात जास्त ज्ञान आप्पांना, आणि गच्चीवर पॅनेल नसलेलं एकमेव घरही आप्पांचंच. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस. घाई करेल कशाला?

2013 मध्ये साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प झाला, तेव्हा धुळ्याच्या मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आप्पा तो पाहून आले. मेहुण्याने घरी पॅनेल लावली. आप्पा म्हणाले, "बेल लॅबच्या 1954 च्या सेलची नातवंडं ही! थांबा जरा."

तेव्हा त्यांचा जीव ग्रेट्झेलच्या सेलवर होता. 1991 मध्ये ग्रेट्झेल आणि ओरेगन यांनी टायटॅनियम डायऑक्साइडला रंग पाजून वीज काढली होती. आप्पांनी घरी जांभळाचा रस वापरला. वीज किती निघाली ते सांगत नाहीत. काकूंच्या चादरीवरचा डाग मात्र अजून निघालेला नाही.

मग पेरोव्स्काइटची सेल आली. 2009 मध्ये जपानात मियासाकांकडे तिची कार्यक्षमता 3.8 टक्के होती, ती पंचविशीच्या पुढे गेली. आप्पा हे अशा कौतुकाने सांगतात, की ऐकणाऱ्याला नातवाचा निकाल वाटावा. "मग लावायचं?" "छे! दमट हवेत टिकत नाही ते. काम चालू आहे."

जळगावच्या उन्हाची कोणी स्तुती केली की ते खवळतात. "पॅनेलला ऊन हवं, ताप नको! रेटिंग 25 अंशांचं. मे महिन्यात पॅनेल 65 ला जातं. अंशाला 0.4 टक्के धरा, गेले सोळा टक्के!" उरलेल्या चौऱ्याऐंशीचं काय, असं मी एकदाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं पाहिलं.

2024 मध्ये तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आली आणि सगळी गल्ली चमकली. वायरमन पोरगा म्हणाला, "आप्पा, आते तरी लाई टाका!" पण त्याच सुमारास सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेली टँडेम सेल प्रयोगशाळेत 34 टक्क्यांवर गेली होती. संपला विषय.

सावली न पडणारी ती राखीव गच्ची काकू आखाजीच्या आधी कुरडयांना देतात, आणि कावळे हाकलायला आप्पांना. परवा वर गेलो, तर छत्रीखाली मोबाइलवर संशोधनाचा पेपर चाललेला. "अरे, बेकरेलला उजेडातून वीज मिळाली 1839 ला. उरलमध्ये पेरोव्स्काइट सापडलं तेही 1839 ला. दोघांची गाठ पडायला 170 वर्षं लागली! आणि तुम्ही मला सांगता, घाई करा..."

तेवढ्यात कावळ्याने कुरडई उचलली.